सुनंदाचे चार गोळे

मंडळी, दिंडोशीच्या या हॉलमध्ये एवढी गर्दी बघून सुनंदा वैतागली असती. "माझ्या व्याख्यानाला कुठे होते रे हे सगळे?" असं तिनं मला विचारलं असतं. तिच्या शोकसभेत बोलायला उभा आहे खरा. पण स्पष्ट सांगू? दुःखापेक्षा राग जास्त आलाय. तो आधी बाहेर येऊ द्या.

सुनंदा परब. गिरणी कामगाराची मुलगी. गोरेगावच्या कॉलेजात गणित शिकवायची. मी तिथेच इतिहास शिकवतो. मंगळवारी वर्ग संपवून घरी आली आणि गेली.

तिचं आयुष्य एका प्रश्नात गेलं. कॅन्टीनमध्ये तिनं तो मला समजावला, म्हणजे तुम्हालाही समजेल. बहुपदी आपण शाळेत शिकलो. नुसत्या बेरजा-गुणाकारांची साधी वस्तू. होलोमॉर्फिक फलनं, म्हणजे संमिश्र संख्यांवरची गुळगुळीत सूत्रं, त्याहून कितीतरी गुंतागुंतीची. या साध्या वस्तूनं त्यांच्या हवं तितकं जवळ जाता येतं का? संमिश्र चल, म्हणजे बदलती संख्या, एकच असेल तर ज्या जागेवर हे करायचं तिला मध्ये भोक नको, बस्स. दोन चल आले की हा भरवसा तुटतो. भोक नसतं, तरी बहुपदी पोचत नाहीत! मग जागा म्हणून एकमेकांना न टेकणारे गोळे घेतले तर? एक चालतो. दोन चालतात. तीनही चालतात, तसं सिद्ध झालंय. आणि चार?

चारचं उत्तर तिनं लिहिलं. शोधनिबंध स्वीकारला गेला. स्टाफरूममध्ये पेढे वाटले. तिची बढती त्याच्यावरच अडली होती. आणि पेढे खाऊन होताहेत तोवर बाई म्हणाली, "मागे घेतेय." गोळे वेगळे होते, पण एका मांडणीत तिच्या बहुपदीनं सपाट पानावर टाकलेल्या त्यांच्या सावल्या एकमेकींवर चढत होत्या. सावल्या सुट्या राहतात यावरच उभा असलेला युक्तिवाद तिथेच कोसळत होता. परीक्षकांना ते दिसलं नव्हतं. तिला दिसलं.

विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, छापून येऊ द्या ना. कोण वाचतंय?"

"मी वाचलंय ना सर."

संपलं! बढती गेली. ही पुन्हा पहिल्या पानापासून बसली. उत्तर शेवटपर्यंत सापडलं नाही.

आता माझ्यामागचा फ्लेक्स वाचा. 'चार गोळ्यांचा प्रश्न सोडवणाऱ्या थोर गणिती.' विलास, तू तिचा धाकटा भाऊ. प्रेमानं छापलास, मला माहीत आहे. मघाशी दारात तुला म्हटलं, तर तू म्हणालास, "सर, राहू दे ना. ताई गेली आता. कोणाला कळतंय?" अरे, याच वाक्याशी ती भांडली! जे तिनं जिवंतपणी नाकारलं, ते मेल्यावर तिच्या गळ्यात घालायचं? हार म्हणून?

कोणी विचारेल, मग तिनं मिळवलं काय? ती गप्प बसली असती, तर उद्या कुणीतरी त्या कच्च्या पायावर पुढचा मजला चढवला असता. तो तिनं चढू दिला नाही. हे कमी आहे? सांगा, हे कमी आहे?

विलास, ऊठ. त्या ओळीवर कागद लाव. मी लावणार नाही, ती तुझी बहीण आहे. मी थांबतो.

हं. डावीकडे थोडा अजून. झालं. ये, इथे माझ्याजवळ उभा राहा.

मंडळी, आता सगळेच उभे राहू या. ती फळ्यासमोर खडू हातात धरून अडून राहायची, तेव्हा अख्खा वर्ग श्वास रोखून गप्प बसायचा. तसेच गप्प राहू या. दोन मिनिटं.