आमच्या ई-पुस्तकांचं कुलूप

...आणि वर मलाच विचारतात, "ग्रंथपाल ना तुम्ही? मग घेण्याआधी विचारायला नको?" अहो, विचारलं होतं! चांगलं खणखणीत विचारलं होतं! कंपनीचा तो गोडबोल्या विक्रेता समोर बसून माझीच बिस्किटं खात होता, तेव्हाच म्हटलं, "काय हो, तुमची ही ई-पुस्तकं ज्यांना दिसत नाही त्यांनाही वाचता येतील ना?" तर बिस्किट तोंडात तसंच ठेवून म्हणतो कसा, "शंभर टक्के सर! आंधळ्यालाही दिसेल असं चोख काम आहे आमचं!" आणि मी... आता तुमच्यापासून काय लपवायचं... मी हसलो हो! खो खो हसलो.

बरं, मी काही अगदीच भोळा सांब नाही. करार करताना कसा घासून घेतला त्याला! म्हटलं, "आमची पोरं महा वस्ताद आहेत, पुस्तकच्या पुस्तक कॉपी करून गावभर वाटतात. पुस्तकाला कुलूप पाहिजे! एक अक्षर बाहेर जाता कामा नये!" लगेच कलम घातलं त्याने, ठळक अक्षरांत. आणि ते दुसरं, न दिसणाऱ्यांनी वाचायचं? ते... तोंडी झालं होतं. पण विचारलं होतं ना मी!

आता आमच्याकडे खिडकीजवळच्या टेबलावर एक मुलगी बसते. कायदा शिकते. तिला अजिबात दिसत नाही, पण तिच्या लॅपटॉपमध्ये एक आवाज असतो, तो पडद्यावरची अक्षरं तिच्या कानात वाचून दाखवतो. तिची शेवटची परीक्षा, उद्या पेपर, आणि नेमकं हवं ते पुस्तक आमच्या नव्या ई-संग्रहात. कागदी प्रत? ती मीच मोठ्या उत्साहाने काढून टाकलेली, कपाट मोकळं करायला! तर काल तिने पुस्तक उघडलं, आणि आवाज म्हणतो, "पान रिकामं. पान रिकामं. पान रिकामं." मला समोर अक्षरं स्वच्छ दिसतायत! मी म्हटलं, हेडफोन बिघडला असेल, हा घे माझा. माझ्याही हेडफोनमधून रिकामं! शेवटी तीच म्हणाली, "सर, पुस्तकाला कुलूप आहे. माझा आवाज अक्षरं उचलायला गेला की ते त्याला चोर समजतंय."

"अगं, पण मी विचारलं होतं!"

"कोणाला, सर?"

बोला आता! रोज माझ्या डोळ्यांसमोर बसते हो ती. म्हणते कशी, "घ्यायच्या आधी एकदा मला उघडून बघायला दिलं असतंत, तर तुमचा चहा गार व्हायच्या आत कळलं असतं." रागावलीसुद्धा नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, मेल्याहून मेल्यासारखं झालं मला!

तसाच उठलो, विक्रेत्याला फोन लावला. तावातावाने म्हटलं, "मी तुम्हाला विचारलं होतं!" तो तितक्याच गोडीने, "हो सर, आणि मी सांगितलंही होतं. पण करारात कुठंय? कुलूप मात्र तुम्हीच मागितलंत, ते आहे. आता मुदत संपली की बघू हं सर!" बघू हं म्हणे! मेला माझी बिस्किटं खाऊन गेला!

घरी जेवायला बसलो. बायकोला सगळं सांगितलं, म्हटलं, निदान ही तरी बाजू घेईल. कसली बाजू! वाढता वाढता म्हणते, "तुमची खोडच आहे ती. लग्नाच्या वेळीही तुम्ही माझ्या बाबांना विचारलंत, काकांना विचारलंत, मामांना विचारलंत. मला कोणी विचारलं?" आणि वर आमटीही वाढली नाही.

म्हणून आज सकाळपासून मी त्या मुलीला पुस्तक वाचून दाखवतोय. मी! जन्मभर लोकांना "शू, शांतता राखा" म्हणत आलेला माणूस, आतल्या खोलीत दार लावून गळा फाडतोय! पानापानाला जीभ अडखळते, घसा बसलाय, आणि दर दोन ओळींनी माझं आपलं, "माफ कर हं बाळ, चुकलंच माझं." बराच वेळ तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, एक सांगू? जरा भरभर वाचा. माझा आवाज याच्या चौपट वेगाने वाचतो. आणि मध्ये मध्ये माफी मागू नका, वाक्य तुटतं."

घ्या! घोटभर पाणी प्यायला म्हणून बाहेर आलो, तर तुम्ही भेटलात आणि तुम्हीही तेच विचारताय. अहो, शरमेने मान खाली घालावी म्हटलं तर तेवढीही सोय राहिली नाही... मान खाली घातली की पडद्यावरचं दिसत नाही, आणि अजून अर्धं पुस्तक बाकी आहे!