बेवारस मयताच्या नोंदीतील धर्माबाबत जबाब

दिनांक २०/११/२०१४, गुरुवार.

मी अल्का ताराचंद शहारे, वय ३६ वर्षे, धर्म बौद्ध, धंदा अंगणवाडी सेविका, रा. केशोरी, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया. आज स्वतः पोलीस स्टेशनला येऊन, साहेबांनी विचारल्याप्रमाणे सांगते की,

मी वरील पत्त्यावर माझी आई सावित्रीबाई हिच्यासोबत राहते. वडील वारले आहेत. माझा धाकटा भाऊ संघदीप, वय २७, हा कोहमारा येथे एका ढाब्यावर तंदूरच्या रोट्या भाजत होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये तो ढाब्यावर नेहमी थांबणारा ट्रक ड्रायव्हर नंदलाल याच्या गाडीत बसून रायपूरकडे गेला. तिकडे मोठ्या हॉटेलात काम मिळते, असे त्याने आईला सांगितले होते. नंदलालने त्याला रायपूरला उतरवून दिले. त्यानंतर त्याचा फोन लागला नाही. तो हरवल्याची खबर मी याच पोलीस स्टेशनला दिलेली आहे.

खबर देतेवेळी येथील हवालदारांनी मला सांगितले की, हरवलेल्या माणसांची आणि बेवारस मयतांची सरकारी वेबसाइट आहे, त्यावर सगळ्या राज्यांतल्या नोंदी आहेत, घरबसल्या फुकट पाहता येतात. वेबसाइट फुकट आहे हे खरे आहे. केशोरीत लाईट आणि नेट एकाच वेळी असले तर ती उघडतेसुद्धा.

तेव्हापासून मी दर शुक्रवारी अंगणवाडी सुटल्यावर गावातील महा-ई-सेवा केंद्रात जात होते. केंद्र धनेंद्र बिसेन चालवतात. मी सांगत असे आणि ते भरत असत. पुरुष, वय पंचवीस ते तीस, उंची, बांधा सडपातळ, धर्म बौद्ध. ‘एकही नोंद आढळली नाही’ असे यायचे. ते वाचून मला बरे वाटायचे, हे मी लपवत नाही. घरी गेल्यावर आई विचारायची, “निघाला का वो बाई?” मी नाही म्हणायची. त्या दिवशी आई दोन घास जास्त जेवायची.

साहेबांनी विचारले की, धर्म भरलाच पाहिजे असे वेबसाइटवर नव्हते, तर मी काऊन भरत होती. आमच्या घरी धर्माचा रकाना कोणी सोडत नाही. माझे आजोबा छप्पन साली नागपूरला दीक्षेला गेले होते. जनगणनेचे गुरुजी आले की माझे वडील त्यांना चहा पाजत आणि बौद्ध लिहिले हे डोळ्याने पाहिल्याशिवाय उठू देत नसत. मला शाळेत घातले तेव्हापासून सांगत, “रकाना कोरा ठेवू नोको पोरी. कोरा ठेवला का दुसरा भरून टाकते.” म्हणून मी भरला. यात माझी चूक झाली असे मला वाटत नाही. तसे कोणी म्हटले तर मी ऐकूनही घेणार नाही.

मागच्या शुक्रवारी, दि. १४/११/२०१४ रोजी, माहिती भरताना नेट गेले. परत आल्यावर धनेंद्रभाऊंनी घाईघाईत माहिती पुन्हा भरली आणि धर्म टाकायचा राहिला. नोंदींची यादी उघडली. ते एकेक फोटो पाहत होते. मग म्हणाले, “ताई, तुमी जरा बाहेर बसता का?” मी बाहेर गेले नाही.

फोटो माझ्या भावाचा आहे. चेहरा एका बाजूने सुजलेला असला तरी तो माझा भाऊ आहे. नोंदीत उजव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग लिहिलेले आहेत. तंदूरमध्ये हात घालणाऱ्याचा हात तसाच होतो. त्या हाताला केस उगवत नव्हते आणि आई त्याला त्यावरून चिडवत असे. शर्ट मी घेऊन दिलेला आहे. मयत रेल्वे रुळाजवळ मिळाल्याची तारीख तो घरून गेला त्याच आठवड्यातली आहे. धर्म या रकान्यात हिंदू लिहिलेले आहे.

नोंदीखाली दिलेल्या फोन नंबरवर मी बोलले. तो शेजारच्या राज्यातील रेल्वे पोलिसांचा होता. त्यांनी सांगितले की, प्रेत ठेवायचे तितके दिवस ठेवले, कोणी आले नाही, म्हणून एका संस्थेमार्फत जाळले. राख ठेवत नाहीत. कपडेही आता नाहीत. धर्माचे विचारले असता ते म्हणाले, “मैडम, हाथ में लाल धागा था, तो हिंदू लिख दिया। कॉलम खाली तो नहीं छोड़ सकते।” ते चांगले बोलत होते. मला राग आला, पण तो कोणावर काढायचा ते समजले नाही.

संघदीप हातात धागा बांधत नव्हता. म्हणून मी कोहमाऱ्याला जाऊन नंदलालला भेटले. तो म्हणाला, “माह्या गाडीत जो चढते त्याले मी बांधतो. बिना धाग्याचा माणूस मी क्याबिनमधी बसवत नाही. त्याले बी बांधला. तो हासला, म्हणे बांध बाबा, तुही गाडी चालली पाह्यजे.” माझा भाऊ असेच बोलत असे. नंदलालविरुद्ध माझी तक्रार नाही. तो माझ्यासमोर रडला.

माझे म्हणणे एवढेच आहे की, त्या नोंदीवर माझ्या भावाचे नाव लावावे आणि हिंदू खोडून बौद्ध लिहावे. साहेबांनी मला समजावून सांगितले की, नोंद दुसऱ्या राज्याची आहे, येथून पत्र पाठवता येईल, दुरुस्ती करता येत नाही. नुसत्या फोटोवरून ओळख पक्की धरत नाहीत. रक्त जुळवून पाहायला काहीच शिल्लक नाही. म्हणून तो वेबसाइटवर एके ठिकाणी हरवलेला बौद्ध आणि दुसऱ्या ठिकाणी मेलेला हिंदू असा राहील. मी समजले. पत्र पाठवावे, अशी तरीही माझी विनंती आहे.

आईला मी अजून सांगितलेले नाही. त्या शुक्रवारी नेट नव्हते असे सांगितले. उद्या पुन्हा शुक्रवार आहे आणि ती विचारणार आहे. येथे येण्याआधी मी धनेंद्रभाऊंकडे जाऊन नेहमीप्रमाणे सगळे रकाने भरून पाहिले. धर्म बौद्ध टाकले की आजही एकही नोंद आढळत नाही. उद्या मी आईला तेवढेच सांगणार आहे.

हा जबाब साहेबांनी मला मराठीत वाचून दाखवला. मी सांगितले तसाच लिहिला आहे. सुरुवातीला धर्माचा रकाना आहे, तो मला विचारून भरला.

सही
अल्का ताराचंद शहारे