लंडनची एसटी

नवसाबाई : थांब सूनबाई. आता ह्यालापण एसटीत बसवू नको.

सृष्टी : कुणाला, आई?

नवसाबाई : ह्या खाणीतल्या माणसाला. वरनं दगड कोसळला, आत अंधार झाला, इथवर तू नीट वाचलंस. आता तुझा आवाज बदलला. म्हणजे हा निघणार, अन् एसटीनं घरी येऊन पिठलं-भाकर खाणार.

सृष्टी : पुस्तकात असेल ते वाचते मी.

नवसाबाई : मग मला एक सांग, लंडनात एसटी हाय का?

सृष्टी : हे काय मधेच?

नवसाबाई : मधेच नाय. सकाळी फूलबाजारात शेजारी बसणाऱ्या हाजराशी माझं वाजलं. मी तिला ती लंडनच्या नर्सबाईची गोष्ट सांगत होते. शेवटी एसटीनं गावी आली म्हणलं, तर हाजरा हातातली माळ टाकून हसत सुटली. तिची अदिबा तुझ्याबरोबरच ते नव्या कादंबऱ्या वाचायचं च्यालेंज करती ना? तिच्या पुस्तकात ती नर्स तिकडंच मेली.

सृष्टी : वेगळं पुस्तक असेल.

नवसाबाई : तेच. निळं, वर बाईची पाठ. मग मी घरी येईस्तोवर एकेक आठवत आले. तो पळून गेलेला मास्तर कशानं परत आला? एसटीनं. तो बुडालेला नावाडी? तोपण एसटीनं, अन् कपडे कोरडे. मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती.

सृष्टी : रागावलात?

नवसाबाई : हाजरापुढं तोंडावर पडले त्याचा आला थोडा राग. पण शेवट का बदलतीस, ते सांग.

सृष्टी : तुमच्यासाठीच. पहिल्या कादंबरीत तो मुलगा आजारी पडला, तेव्हा फुलं ओवताना तुमचा सुईचा हात थांबला होता. म्हटलं, स्वराजला जाऊन वर्षसुद्धा झालं नाही, त्यात हे कशाला ऐकवायचं.

नवसाबाई : बरं. मग खरं काय झालं त्या पोराचं?

सृष्टी : माहीत नाही.

नवसाबाई : अन् मास्तरचं?

सृष्टी : तेही नाही. मी शेवटची पानं वाचलीच नाहीत, आई. एकाही पुस्तकाची. कुणाचं काही वाईट होणार असं वाटलं, की डोळे पानावर ठेवायचे आणि मनाचं सांगत सुटायचं.

नवसाबाई : म्हणजे मला फसवलंस ते फसवलंस, अन् स्वतःपण अर्ध्या पोटी उठलीस. मग तुझ्या च्यालेंजचं काय?

सृष्टी : शेवटपर्यंत वाचलं तरच पुस्तक धरतात. त्यामुळे माझं अजून एकही झालेलं नाही. अदिबा विचारत राहते, ग्रुपवर काही लिहीत का नाहीस. काय लिहू?

नवसाबाई : एसटी कुठनं सुटायची?

सृष्टी : कुठली?

नवसाबाई : तू समद्यांना बसवत होतीस ती.

सृष्टी : सिन्नरहून.

नवसाबाई : कंपनी सुटल्यावरची. माझ्या लेकाची.

सृष्टी : हो, स्वराज धरायचा ती. त्या दिवशी ती वेळेवर आली होती. मी खिडकीतून पाहिली. मी चहा टाकलेला, आणि फोन आला, कंपनीतच छातीत कळ आली म्हणून. मला अजून राग येतो त्या गाडीचा, आई. रोज येते, रिकामी नसते, पण...

नवसाबाई : रड. फुलं बाजूला सरकव अन् रड.

(सृष्टी रडून घेते, मग डोळे पुसते.)

नवसाबाई : तुझे शेवट मला लय ग्वाड लागायचे. कुणी ना कुणी घरी यायचं. पण एक विचारू? हा खाणीत गाडला गेला, मग अजून एवढी जाड पानं कशाची उरलीत?

सृष्टी : पुढची गोष्ट असेल.

नवसाबाई : कुणाची? माणूस तर गेला.

सृष्टी : त्याच्या बायकोची असेल. त्याच्या आईची.

नवसाबाई : तेच ऐकायचंय मला. माणूस जातो कसा, ते आपण बघितलं. मागच्या बाया पुढं काय करतात, ते मला नाय ठाऊक. तुला हाय?

सृष्टी : नाही.

नवसाबाई : मग वाच की.

सृष्टी : मध्येच रडू आलं तर?

नवसाबाई : तर थांबू. पाणी पिऊ. पण मनाचं एक अक्षर घालायचं नाय.

सृष्टी : नाही घालत. ऐका. ‘तेरावं झालं, पाहुणे गेले. सासूनं चूल पेटवली. सून उठली, पायांत चपला घातल्या आणि कुणाला न सांगता अंगणाबाहेर पडली.’

नवसाबाई : कुठं निघाली गं ही?

सृष्टी : अजून कळत नाही, आई. थांबा, पान उलटते.