तुफानबाईच्या पदरात काय होतं

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, माझ्यापेक्षा फक्त दोन महिन्यांनी मोठे असून आजही मला ‘पोट्ट्या’ म्हणण्याचा हक्क सोडत नाहीत असे आदरणीय अनंतराव, जिला निरोप द्यायला आपण जमलो ती आपल्या रायपूरच्या रेल्वे कॉलनीची लेक आणि चित्रपटाची दिग्दर्शिका निधी, पुण्याहून येऊन आमच्या उन्हात एक्केचाळीस दिवस साडी नेसून धावलेली नायिका राधिका, निर्माते यशोधनजी, समोर बसलेल्या माता-भगिनींनो, बंधूंनो, आणि मागच्या रांगेत मोबाइल बघता बघता माझं मराठी गोड मानून घेणाऱ्या नातवंडांनो, सगळ्यांना माझा मनापासून नमस्कार.

सचिवांनी माझ्यापुढे चिठ्ठी ठेवली आहे, ‘सात मिनिटे’. वाचली. खिशात ठेवली.

माझी ओळख करून देताना मला ‘थोर चित्रकार’ म्हटलं गेलं. तेव्हा इंदूनं, म्हणजे माझ्या पत्नीनं, पदर तोंडाला लावला ते मी इथून पाहिलं. मंडळी, मी चौतीस वर्षं रेल्वेत मालडब्यांवर आकडे रंगवले. पांढरा रंग, बोटभर रुंद ब्रश, आणि डब्याचा नंबर. आकडा आणि अक्षर यांत मला कोणी हरवू शकलं नाही. चित्रकला मात्र मी कुठंच शिकलो नाही. जुन्या कॅलेंडरांवर बघून बघून जेवढी आली तेवढी आली.

आपल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाचा अंक निघायचा, सायक्लोस्टाइलवर. चौऱ्याऐंशी साली त्याची आठ पानं कमी पडली. तेव्हाच्या सचिवांनी मला म्हटलं, “रामकृष्ण, काही तरी काढून दे बाबा, पोट्ट्यांसाठी.” मी एका रात्रीत नाही, चांगल्या तीन आठवड्यांत एक बाई काढली. साधी साडी, कपाळावर मोठं कुंकू, पायात चपला. ती घरंगळत आलेला मालडबा खांद्यानं अडवायची. चोराला पदराच्या गाठीत बांधून ठाण्यावर नेऊन ठेवायची. आणि मारायच्या आधी प्रत्येक दुष्टाला एकच प्रश्न विचारायची, “काहून?” तिचं नाव तुफानबाई.

पंधरा वर्षं, गणपतीचे आणि दिवाळीचे मिळून सव्वीस अंक. या सभागृहातले आज गुडघ्यांना पट्टे बांधून बसलेले कितीतरी जण तेव्हा अंकासाठी माझ्या दारात भांडलेले आहेत. आणि तुम्हा सगळ्यांना आठवत असेल, की सव्वीस अंकांत तुफानबाईचे हात कधीच दिसले नाहीत. दोन्ही हात सदा पदराखाली. त्यावर काय काय चर्चा होत असे! कोणी म्हणे, पदरात वीज आहे. कोणी म्हणे, तिला हातच नाहीत. अनंतराव म्हणत, पदरात गरम कचोऱ्या आहेत. अनंतराव तेव्हाही असेच होते.

आता चित्रपटाकडे येतो.

निधी ही आमच्या शेजारच्या क्वार्टरमधली. सात वर्षांची असताना आमच्या ओट्यावर बसून अंक वाचायची. मुंबईला गेली, मोठी झाली, आणि दोन वर्षांपूर्वी एक दिवस दारात येऊन म्हणाली, “काका, तुफानबाईवर सिनेमा करते आहे.” मी म्हटलं, “काहून?” ती म्हणाली, “बघा, तुम्ही पण तसंच विचारता.”

कागदावरची बाई पडद्यावर आणणं किती कठीण असतं, हे मला या दोन वर्षांत कळलं. आधी पोशाखाचा प्रश्न निघाला. मुंबईच्या एका पोशाखवाल्यानं तिला अंगाला चिकटणारं, चकचकीत काही तरी काढून पाठवलं. यशोधनजी, रागवू नका. इंदूनं ते चित्र बघून एवढंच विचारलं, “ही बया बसणार कशी?” साडीच ठरली. मग साडी नेसून उडी मारायची कशी? चोवीस पिना लागल्या. राधिकाताईंना विचारा, त्यातल्या किती टोचल्या. मग भाषेचा प्रश्न. कोणी सांगितलं, ‘काहून’ बाहेर कळणार नाही, ‘क्यों’ करा. राधिकानं दोन्ही म्हणून दाखवलं. ‘क्यों’ म्हटलं की समोरचा उत्तर द्यायला लागतो. ‘काहून’ म्हटलं की तो आधी मान खाली घालतो. ‘काहून’ राहिलं.

पण खरा प्रश्न निराळा होता, आणि तो फक्त मला माहीत होता.

चित्रकथेत चौकटी असतात. पहिल्या चौकटीत डबा घरंगळतो आहे, दुसऱ्या चौकटीत डबा थांबला आहे. मधे एक पांढरी पट्टी. डबा कसा थांबला, ते त्या पट्टीत घडतं. म्हणजे वाचणाऱ्याच्या डोक्यात घडतं. माझ्यासारख्याला त्या पट्टीचा फार आधार असतो. जे जे आपल्याला येत नाही ते ते तिथं ढकलून द्यायचं. सिनेमात ती पट्टीच नाही हो. तिथं सगळं दाखवावं लागतं.

निधीनं मला विचारलं, “काका, तिच्या पदरात काय आहे? पटकथेत तेवढी एकच जागा रिकामी ठेवली आहे. शेवटचा प्रसंग. यशोधनजींना मी त्याच्याच जोरावर तयार केलं.”

मी म्हटलं, “वेळ आली की सांगीन.”

पोरीनं माझ्या पायांना हात लावला. तिला वाटलं, केवढं गूढ आहे. असं मी तिला आठ महिने फिरवलं. शाळेत बेरजेत हातचा धरतात, तसा मी तो प्रश्न हातचा धरून ठेवला होता, आणि उत्तर काही येत नव्हतं.

आता पाणी पितो आणि सांगतो. जिच्याकडे हे सगळ्यात आधी कबूल केलं ती बाई तिसऱ्या रांगेत, खांबाजवळ बसली आहे. भीमाबाई, आता पदर डोक्यावर ओढून घेऊ नका. सगळ्यांनी पाहिलं.

भीमाबाई आमच्या शेडमध्ये पाणी पाजायच्या. पुढे निवृत्त झाल्या, आता तेलीबांध्याला नातवाकडे असतात. नवा रायपूरच्या रुंद रस्त्यावर बेफाम बसचा प्रसंग चित्रित होत होता, तेव्हा गर्दीत उभं राहायला कॉलनीतली जुनी माणसं बोलावली होती. त्यांतच त्या होत्या. दुपारी यशोधनजींनी आम्हाला संगणकावर एक नमुना दाखवला. तुफानबाई पदरातून हात काढते, आणि तळव्यांतून निळा उजेड निघतो. शेडमध्ये वेल्डिंग चालतं ना, अगदी तसा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भीमाबाई उठल्या आणि कोणाच्या तरी स्कूटरवर बसून घरी निघून गेल्या.

मला ते लागलं. दुसऱ्या दिवशी मी तेलीबांध्याला गेलो. म्हटलं, “बाई, काल न सांगता काहून निघून आल्या?”

त्यांनी उजवा हात पदरातून काढून माझ्यापुढे ठेवला. दोन बोटं नाहीत. नऊ वर्षांच्या असताना गावाला कडबाकुट्टीच्या यंत्रात गेली.

त्या म्हणाल्या, “भाऊ, कॉलनीतले पोट्टे मले ‘आठबोटी’ म्हनत. हात मी पदरातच ठेवो. मंग तुमची तुफानबाई आली. पोट्टे म्हनाले, मावशीच्या पदरातही तेच हाये. त्या दिवसापासून कोनी हासलं नाही. पानी मांगतानी ‘जी’ लावून मांगत.” मग म्हणाल्या, “काल त्या निळ्या उजेडात पायलं मी. तिचे तं दहाही बोटं होते, भाऊ.”

मंडळी, मी रोज दुपारी या बाईच्या डाव्या हातून पाणी प्यालो. सव्वीस अंकांत झाकलेले हात काढले. आणि पंधरा वर्षांत माझ्यासमोर झाकलेला तो एक हात मला दिसला नाही. याला काय म्हणावं? निदान थोर चित्रकार तरी म्हणू नये.

मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, “बाई, तिच्या पदरात काहीच नाही. मला हात काढताच येत नाहीत. बोटं काढायला गेलो की केळ्याचा घड होतो. म्हणून झाकले.”

झालं, सांगून टाकलं. हेच आज तुम्हा सगळ्यांनाही सांगायचं होतं. निधी म्हणाली होती, “काका, हे मी नाही सांगणार, तुम्हीच सांगा.” ज्यांनी माझ्या ओट्यावर त्या हातांवरून पैजा लावल्या, त्या सगळ्यांची मी आज माफी मागतो. पैजा मात्र आपसात मिटवा.

भीमाबाई काय म्हणाल्या ठाऊक आहे? आधी अशा हसल्या, की नातसून पोळी तव्यावर टाकून बाहेर आली. “हव, मले माहीत होतं,” म्हणाल्या. “पाय तरी कुठी येतात तुमाले? दिवाळीच्या अंकात तिचे दोन्ही पाय डावे होते.” आणि हसू ओसरल्यावर हळूच म्हणाल्या, “तुमाले येत नव्हतं ते बरं झालं. माहा हात झाकला गेला.”

तिथून मी सरळ चित्रीकरणाच्या जागी गेलो आणि निधीला सगळं सांगितलं. मला वाटलं, पोर कोसळेल. एवढा पैसा, एवढी माणसं, आणि गुपित काय, तर म्हाताऱ्याला बोटं येत नाहीत. तिनं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, “म्हणजे तुम्हाला जे येत नव्हतं, त्यावरच मी इतकी वर्षं जीव लावला.” आणि नंतर म्हणाली, “काका, तुफानबाई पण एव्हाना म्हातारी झालीच असेल ना?”

मी म्हटलं, “झाली असेल की. आम्ही काय तसेच आहोत?”

ती उठून गाडीत बसली आणि भीमाबाईंकडे गेली. निळा उजेड नको, शेवटच्या प्रसंगातला हात तुमचा हवा, असं तिनं विचारलं. भीमाबाईंनी साफ नाही म्हटलं. “सत्तर वर्षं झाकला. आता हात दाखवून अवलक्षण काहून करू?” निधीनं आग्रह केला नाही. नुसती बसली, त्यांच्याबरोबर मेथी निवडली, आणि निघताना म्हणाली, “आजी, लहानपणी मी पण पैज लावली होती. मी म्हटलं होतं, तिच्या पदरात जे आहे ते आपल्यासाठीच आहे.”

तीन दिवसांनी निरोप आला. येते म्हणाल्या, पण एका अटीवर. हात कधी काढायचा ते कोणी सांगायचं नाही. कोणी ‘चालू’ म्हणायचं नाही. मनात येईल तेव्हा मी काढीन.

यशोधनजी, तुमचं इथं मोठेपण. एका तासाचं चित्रीकरण काय भावात पडतं ते तुम्हाला ठाऊक. तरी तेलीबांध्याच्या तलावाच्या काठी ऐंशी माणसं चिडीचूप उभी राहिली. पाण्यातल्या पायरीवर एक घाबरलेली मुलगी, तिच्यापुढे पदर घेतलेली म्हातारी तुफानबाई, म्हणजे भीमाबाई. मुलगी कोणाचाच हात धरायला तयार नाही. दहा मिनिटं, वीस मिनिटं. कॅमेरा चालू. चाळीस मिनिटांनी भीमाबाईंनी पदर बाजूला केला आणि तीन बोटांचा तो हात पुढे केला. म्हणाल्या, “धर.”

पटकथेत तो शब्द नव्हता. मुलीनं धरला.

त्या मुलीनं नंतर आईला हिंदीत सांगितलं, “मम्मी, दादी का हाथ बहुत पक्का था.” यापेक्षा मोठं परीक्षण माझ्या तुफानबाईचं कोणी करील असं मला वाटत नाही.

सचिव आता घड्याळाकडे नाही, माझ्याकडे बघत आहेत. आटोपतो.

निधी, उद्या सकाळी तू जाशील. मंडळानं तुला शाल-श्रीफळ दिलं, तुझ्या माणसांना चिवड्याची पाकिटं दिली. माझ्याकडे देण्यासारखा एक कागद आहे. गेल्या आठवड्यात भीमाबाई तीन दुपारी आमच्याकडे येऊन बसल्या. इंदूनं चहा केला, मी पेन्सिल घेतली, आणि शहात्तराव्या वर्षी पहिल्यांदा एक हात काढला. नीट बघून काढला. तीन बोटं, त्यांच्यावरच्या रेषा, नखं, सगळं. काढून झाल्यावर मोठ्या अभिमानानं त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावला, कागद लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाल्या, “अंगठा उलट्या बाजूनं लावला, भाऊ.”

खोडरबर घेतलं, तर त्यांनीच माझं मनगट धरलं. म्हणाल्या, राहू द्या.

हा सव्विसाव्या अंकानंतरचा सत्ताविसावा समज. एकाच पानाचा. तुझ्या संग्रही ठेव.

अध्यक्षमहाराजांचे, मंडळाचे, ज्यांनी उन्हात उभं राहून आमची कॉलनी पडद्यावर नेली त्या सगळ्यांचे आभार. आणि भीमाबाई, तुमचे आभार मानायला मला शब्द येत नाहीत, हे मी हातांसारखं झाकून ठेवत नाही. बोलताना माझ्या हातून काही चूक झाली असेल, तर लहान समजून क्षमा करा. अंगठ्याची तेवढी करू नका, ती तशीच असू द्या.

नमस्कार.