साबणाने धुतलेली टाकी

—नाही, राजीनामाबिजीनामा मी काही घेणार नाही. कसला राजीनामा, पहिल्या वर्षातली पोर तू, तुला नेमलंय कुणी? बस आधी. ते स्टूल डुगडुगतं, हे घे. हां. मासे मेले, मान्य. सगळे मेले, तेही मान्य. टाकी साबणाने धुवायची नसते हे तुला कुणी सांगितलं होतं का? नव्हतं. घरी आईने भांडी लख्ख घासायला शिकवलेलं, तू टाकी लख्ख घासलीस. आमच्यातल्या कुणाकडून हे झालंच नसतं, आम्ही टाकी घासतो कुठे — हसलीस तरी चालेल. काल मला रडू येत होतं, खरं सांगते. किती पिढ्या वाढवल्या होत्या त्यांच्या. पण मासे परत वाढवता येतात गं.

तू गेलीस ना, तर तुझ्या मागोमाग बाकीचेही जातील. आणि आपल्या विभागप्रमुखांना तेच हवंय. पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रयोगशाळेत घेऊ नका, सामान फोडतील — वर्षभर हेच टुमणं. मी हट्टाला पेटले. का? मला एम.एस्सी. होईपर्यंत कुणी कशाला हात लावू दिला नव्हता — आकृत्या काढायच्या, खाली सही घ्यायची, झालं विज्ञान. पाठ करून करून विझलेल्या हुशार पोरी पाहिल्यात मी. तू तशी नाहीस. माशाच्या त्या पारदर्शक पिल्लाचं काळीज धडधडताना पाहिलंस, तर जेवायला जायचं विसरलीस. अशी मुलगी मी हातची घालवू?

तेव्हा घाबरू नकोस, मी सगळं निस्तरलंय. आज दुपारी विभागप्रमुख सरांनी विचारलं, मासे कशाने गेले? मी म्हटलं, हवेचा पंप बंद पडला. नजरेला नजर देऊन सांगितलं. खोटं — हो, खोटंच, पण त्याने कुणाचं काय बिघडलं? तुझं नाव कुठेच—

काय?

कुणाला सांगितलंस? सरांना? स्वतः जाऊन? कधी — सकाळीच. म्हणजे दुपारी त्यांनी मला विचारलं, तेव्हा त्यांना माहीत होतं. आणि नुसतं 'बरं' म्हणाले. 'बरं, पंप दुरुस्त करून घ्या' म्हणाले. आता ते प्रयोगशाळा मुलांना बंद करतील की मला?

नाही, तुझं काही चुकलं नाही. तू बरोबरच केलंस. माझ्याकडे अशी बघू नकोस फक्त. उद्या ये — नको, थांब, मी कळवते. जा तू आता. दार ओढून घे.