कावळ्याची अट

पितृपक्षात आर्णीच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर एक म्हातारी अन् एक म्हातारा बोलत होते.

“कमलाकरभाऊ, मधूच्या पानाले कावळा शिवूनच नाही राह्यला.”

“इंदुताई, तुमचा भाऊ नेव्हीतला. मच्छी ठेवा.”

“ठेवली नं! आता तुम्हीच घरी चला अन् त्या कावळ्याले सांगा, लहानपणची नदीतली शर्यत मधूच जिंकला होता.”

“काहून? मी जिंकलो होतो.”

“पोहण्यात तो तुमच्याहून भारी होता.”

“मंग एकाहत्तरच्या लढाईत समुद्रात बुडला कसा?”

“तो कुठी बुडला? जहाज बुडलं.”

बस लागली.

“चला, इंदुताई. सांगतो त्याले. शर्यतीच्या दिवशी सदऱ्याखाली पोटाले रिकामा डबा बांधला होता मी.”