आजचा भाग नको पाहू

"हॅलो?... हौ ताई, बोल. कुकर लावून राहिली होती... नाई, हे नाई आले अजून. सौसरले गेले. काहून?"

मोहगावच्या घरात करुणा ओट्याशी उभी होती. फोन पांढुर्ण्याहून, थोरल्या बहिणीचा. एरवी शोभाताई बोलायला लागली की आधी गुडघ्यांचं गाऱ्हाणं गायची. आज तिनं पहिलाच प्रश्न केला तो मोतीराम घरी आहेत का, हा. करुणानं गॅस बारीक केला.

"सांग ना... कोण गेलं?... कोण अमिता?... हौ, ते सिरियलवाली? डॉक्टर अमिता?"

ती खुर्चीवर बसली.

डॉक्टर अमिता म्हणजे रोज संध्याकाळी सात वाजता लागणाऱ्या हिंदी मालिकेतली तरुण सर्जन. ऑपरेशनला जाताना टोपीत केस कोंबणारी, मोठ्या डॉक्टरांशी वाद घालणारी, डबा तसाच परत नेणारी. शोभाताईच्या सुनेनं, डिंपलनं, आजचा भाग दुपारीच मोबाइलवर पाहिला होता. पेशंटकडून लागण होऊन डॉक्टर अमिता आज मरत होती.

करुणाची लेक स्मिता जबलपूरला सर्जरी शिकत होती, दुसऱ्या वर्षाला. त्यांच्या गल्लीतली पहिली डॉक्टर. तीन वर्षांपूर्वी चार दिवसांच्या तापात ती गेली. पुढं वर्षभर घरात टीव्ही लागला नाही. मग एका संध्याकाळी चॅनल बदलता बदलता मोतीरामांना ही पोरगी दिसली आणि त्यांनी रिमोट खाली ठेवला. तेव्हापासून सात वाजले की नवरा-बायको समोर बसत. स्मितासारखी ती दिसत नव्हती. चालायची मात्र तशीच, एक खांदा पुढं काढून, घाईघाईनं. हे दोघांनाही कळलं होतं, पण कोणी बोलून दाखवलं नव्हतं.

"कवा मरते?... म्हंजे सुरुवातीले का शेवटी?... माय येते तिची? मग... भेट होते का?... अच्छा. भेट होते."

शोभाताईचं म्हणणं एवढंच होतं की मोतीरामांना आज टीव्हीसमोर बसू देऊ नको. मागच्या उन्हाळ्यात नागपूरला नेऊन त्यांच्या छातीत स्टेंट बसवला होता. डॉक्टरांनी जिवाला लावून घेऊ नका म्हणून बजावलं होतं.

"हौ, हौ... आईक ना ताई. मी सांगतो डिश बिघडली म्हणून... नाई, त्यायले त्यातलं काई समजत नाई. वायरच काढून ठेवतो... थांब, ठेवू नको."

तिनं फोन खांद्याशी दाबला, टीव्हीमागं हात घालून वायर उपसली. तेवढ्यात फाटक वाजलं.

"आले वाटते. तू बोलत राय, काईतरी बोलत राय..."

मोतीराम आत आले. नगर पंचायतीतल्या बाबूला शोभेल असा इस्त्रीचा शर्ट, पण एका गालावर दाढीचे खुंट तसेच. करुणा डिशचं सांगायला लागली. त्यांनी तिच्या हातातल्या वायरीकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाले की सौसरला प्रभाकरच्या सलूनात कोणीतरी मोबाइलवर तोच भाग लावून बसलं होतं. त्यांच्यानं बसवलं नाही, अर्ध्या दाढीतून उठून आले.

"ताई, यायले माहीत आहे... हौ, सलूनात... नाई, बरे आहेत. दिवाणावर बसले."

शोभाताईनं गोळी द्यायला सांगितली. करुणानं गोळी दिली, पाणी दिलं. ते प्यायले, उठले, तिच्या हातातून वायर घेतली आणि स्वतः टीव्हीला लावली. तिनं नका पाहू म्हटलं. मग भिंतीकडं तोंड करून ते बोलू लागले. त्या पोरीची माय तरी वेळेवर पोचली, म्हणाले. आपण पोचलो तेव्हा स्मिताला जाऊन वीस मिनिटं झाली होती. जबलपूरच्या वाटेवर लखनादौनच्या ढाब्यावर गाडी मी थांबवली. ड्रायव्हर सरळ जाऊ म्हणत होता. अर्धा तास मी तिथं बसलो.

"ताई... थांब जरा. हे लखनादौनचं सांगून राहिले... नाई, तुले नाई माहीत. कोणालेच नाई माहीत."

तिनं फोन कानापासून दूर केला, बंद केला नाही.

"तुमी नाई थांबवली," ती नवऱ्याला म्हणाली. "चहा मीनं मागतला होता. माह्यं डोकं दुखत होतं. मी म्हणाली, दोन घोट घेऊ, मग जाऊ. तीन वर्षं झाले, मी वाट पाहून राहिली, तुमी कवा मले बोल लावता म्हणून."

मोतीरामांना हे आठवतच नव्हतं. त्यांना आठवत होता तो फक्त स्वतःचा आवाज, ड्रायव्हरला थांब म्हणणारा. त्यांनी तोंडावरून हात फिरवला आणि ते पहिल्यांदा, तिच्यासमोर, रडले. फार मोठ्यानं नाही. ती जवळ गेली नाही. पडद्यावर जाहिराती चालू होत्या.

तिनं फोन पुन्हा कानाला लावला.

"ताई, आहेस का?... आईकलं तू?... नको रडू... नाई, बंद नाई करत... हौ, पाहतो आमी. त्या दिवशी नाई भेटलं पाहाले... आज बसतो तिच्यापाशी."

मोतीराम दिवाणावर एका बाजूला सरकले. उशी उचलून त्यांनी पलीकडं ठेवली.

"उद्या कर फोन... नाई, येऊ नको आता. मले जागा करून राहिले ते... ठेवतो ताई. सुरू झालं."